डब्यांखालचे कागद

वारजे,
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

माझी पूर्वा,

आजीचा जयभीम आणि कपाळावर एक पापा.

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत गुरुवार उजाडेल. वारज्याहून सदाशिव पेठेत बस पाऊण तासात जाते, पत्राला तीन दिवस लागतात. वाटेत कुठं चहाला थांबतं कुणास ठाऊक. पण फोन करू नकोस. डावा कान गेलाच, उजव्याला फोन लावला की आत भुंगा शिरतो. मी आपली "हो, हो" म्हणते ते काही न कळता म्हणते. हे तुला म्हणून सांगितलं, तुझ्या बापाला सांगू नको. शिवाय पोस्टमन दारात उभा राहून "सुंदराबाई कोण?" विचारतो, ती ऐट फोनमध्ये नाही. बहात्तर वर्षांत माझ्या नावावर पोस्टानं जे काही आलं ते तुझंच.

आता मोठी गोष्ट. काल सकाळी धम्मदीप दूध आणायला गेला आणि दूध सोडून पेपर घेऊन आला, तोही पळत. तुझ्या बापाला पळताना मी शेवटचं त्याच्या शाळेच्या गॅदरिंगला बघितलं होतं. म्हणाला, "आई, मुठाकाठमध्ये पूर्वाचं नाव!" मी म्हटलं थांब, बोट लावू नको, मला शोधू दे. आणि सापडलं गं मला! चष्म्याची काडी तुटलीय, बारीक अक्षर मुंग्यांसारखं पळतं, पण तुझं नाव जाड होतं. वर मथळा त्याहून जाड, "वारज्यात वाचनालयाचे स्वप्न साकार". एवढंच वाचलं आणि पेपर छातीशी धरून बसले.

दुपारी आमच्या साक्षरता वर्गात नेला. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. मुक्ताई, माझी शेजारीण, तुला माहीत आहे तिचं तोंड. म्हणाली, "पूर्वा नावाच्या पुण्यात छप्पन्न असतील." मी म्हटलं, असतील, पण छप्पन्न जणींना आपलं वाचनालय कशाला आठवेल?

मला तुझे आजोबा आठवले. आपली पहिली झोपडी कालव्याच्या कडेला होती. वारा आत येऊ नये म्हणून आजोबा तट्ट्याला खळ लावून पेपर चिकटवायचे. मी दुसरी शिकलेली, तीही अर्धीच. ते म्हणायचे, "सुंदरा, चुलीपाशी बसलीस की भिंत वाच." आणि एखादं पान उलटं चिकटवायचे, मुद्दाम. मी मान वाकडी करून वाचायची, ते हसायचे. माझी मान अजून डावीकडं कलते ती त्यामुळंच. तेव्हा मी ज्या सदाशिव पेठेत पोतं घेऊन कागद-पत्रा गोळा करायची, त्याच पेठेत आज माझी नात खोली घेऊन राहते आणि पेपरात लिहिते. आजोबा असते तर उलटं लावलं नसतं तुझं पान.

वाचनालय आता होणार म्हण. छापून आलं म्हणजे होणारच. चौथरा तर आठ वर्षं तयार आहे, नुसतं छत घालायचं.

एका ओळीचं का होईना, उत्तर टाक.

तुझी आजी


सदाशिव पेठ,
१३ सप्टेंबर

आजी,

पत्र मिळालं. मालक तात्याराव स्वतः वर घेऊन आले. त्यांच्या पत्रपेटीवर पाटी आहे: "यात फक्त पत्रे टाकावीत. क्लासच्या जाहिराती नकोत, आमचे शिकून झाले आहे." पहिल्यांदाच खरं पत्र आलं म्हणून खूश होते.

बातमीचं काय सांगू. मी लिहून दिली ती बरीच मोठी होती, ऑफिसात थोडी बदलली. तू फार वाटू नकोस ती. चष्मा दुरुस्त करून घे, पण घाई नाही.

काम खूप आहे. पुढच्या मंगळवारी सुट्टी मिळाली तर येते.

तुझी पूर्वा


वारजे,
१९ सप्टेंबर २०२५

पूर्वाबाळ,

मंगळवारी वाट बघितली, शेंगदाण्याची पोळी केली होती. ती धम्मदीपनं खाल्ली. असो.

"फार वाटू नकोस" लिहिलंस, म्हणून मी कुणाला वाटली नाही. फक्त वर्गातल्या बायकांना, किराणावाल्याला, भंगारवाल्या वैजनाथला आणि आपल्या उत्तरेश्वरदादांना.

ऐक तर. मला वाटलं, पोरीनं त्यांचं चांगलं छापलं, आपणही दोन शब्द बोलून यावं आणि छताचं विचारावं. म्हणून पाव किलो पेढे घेऊन मी त्यांच्या कचेरीत गेले. आधी ते नगरसेवक होते, चौथरा त्यांच्याच वेळचा. आता माजी आहेत, पण कचेरी वाढलीय. मागं ते घागर चिन्हावर निवडून आले होते, आता शिडीवाल्यांत गेलेत. भिंतीवरची घागर काढून तिथं शिडी लावलीय, पण घागरीचा गोल डाग राहिलाय. आपल्याकडं कॅलेंडर काढलं की राहतो ना, तसा.

मी सांगितलं, मुठाकाठमधली पूर्वा माझी नात. तर ते उठून उभे राहिले! माझ्यासाठी! "आजी, तुमची नात का ती? अहो, आधी सांगायचं नाही?" एक पेढा खाल्ला आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता चला चौथऱ्यावर."

पोरांनी चौथरा झाडला. मुक्ताईचे पापड वाळत होते, ते बाजूला केले, त्यावरून ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. एक खुर्ची आणली. मागं जी एकच खांद्याएवढी भिंत बांधून सोडलीय, तिच्यावर मोठं कापड बांधलं. आणि पूर्वा, त्या कापडावर पुस्तकांचं कपाट! वरपासून खालपर्यंत पुस्तकं, लाल पाठीची, निळ्या पाठीची. मला वाटलं, पुस्तकं आलीसुद्धा. एक काढायला हात घातला तर बोटाला गुळगुळीत फ्लेक्स लागलं. पोरं हसली. मीही हसले, काय करणार.

मग हातात पेपर दिला, मान खाली घालायला लावली आणि फोटो काढले. मी विचारलं, "दादा, छत कधी?" ते म्हणाले, "आजी, आधी हसा."

हसले. आता माझाही फोटो पेपरात येणार म्हणे. झोपडीच्या भिंतीवर आम्ही दुसऱ्यांचे फोटो चिकटवायचो. पुढाऱ्यांचे, नट्यांचे, एकदा तर हत्तीचा. आपला स्वतःचा येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

तू आलीस की दाखवीन. रविवारचा पेपर घ्यायला धम्मदीपला आत्तापासून सांगून ठेवलंय.

तुझी आजी


सदाशिव पेठ,
२२ सप्टेंबर

आजी,

फोटो आला. पान तीन. खाली लिहिलंय: "वारज्यातील नूतन वाचनालयात वाचनात रमलेल्या ज्येष्ठ वाचक सुंदराबाई." तुझं पत्र आजच मिळालं, आधी कळलं असतं तर मी पळत येऊन तुला त्या खुर्चीवरून उठवलं असतं.

तुला सांगायला हवं होतं. तू इतकी आनंदात होतीस की मला धीर झाला नाही.

मी लिहिलं होतं ते असं: आठ वर्षं झाली, वारज्याच्या चौथऱ्यावर छत नाही, एक भिंत आहे, वर्गाच्या बायका उन्हात बसतात, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मात्र सरकारी फायलीत आहे. तो दाखला मी माझ्या डोळ्यांनी बघितला, त्यासाठी तीन महिने चकरा मारल्या. संपादकांनी वाचून सांगितलं, "बातमी चांगली आहे. वेळ चुकीची आहे." उत्तरेश्वर आता शिडीत आहेत आणि आमचा पेपर कोणाचा आहे हे तुला माहीत आहे. मथळा त्यांनी दिला, मजकूर त्यांनी दिला. माझं फक्त नाव ठेवलं. मी "नाव काढा" म्हणाले नाही, आजी. पहिलंच नाव होतं.

चष्मा दुरुस्त झाला की वाच, म्हणजे कळेल.

पूर्वा


वारजे,
२८ सप्टेंबर २०२५

पूर्वा,

चष्मा दुरुस्त केला. दोन दिवस लावून तुझ्या नावाखालची बातमी वाचली, अक्षर अन् अक्षर. "सुसज्ज" हा शब्द मला बाईंना विचारावा लागला. मग माझ्या फोटोखालचं वाचलं. तुझ्या नावाखाली खोटं आणि माझ्या फोटोखाली खोटं. घरातून दोघी छापून आलो, आणि दोघी तसल्या.

मी रागावले नाही. खोटं बोलते, रागावले होते, पण कालपर्यंतच. पोतं घेऊन फिरायची तेव्हा एकदा चांगल्या कागदाच्या गठ्ठ्यात मी खाली ओला कागद घातला होता, वजनाला. पकडली गेले नाही. अजून आठवतं. तर तू पहिल्या नावासाठी गप्प बसलीस, ते मला कळतं.

पण वर्गात जायची लाज वाटली. मुक्ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "सुंदरे, त्या वाचनालयाची किल्ली तुझ्याकडं असेल तर दे गं, मलाही जरा रमायचंय." सगळ्या हसल्या. दोन दिवस गेलेच नाही.

घरात बसून काय करणार? गुरुवारी धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे, म्हणून साफसफाई काढली. आपली मांडणी तुला माहीत आहे. दरवर्षी डबे उतरवून फळीवर नवा पेपर अंथरते, जुना कधी काढत नाही. तुझी आई होती तेव्हा ओरडायची, "सासूबाई, डबे छताला लागतील." पण खाली मऊ राहतं, डबा वाजत नाही. आणि खरं सांगू का, कागद टाकवत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी टाकलेला कागद उचलला, आपला कुठं टाकू?

या वर्षी म्हटलं, सगळे काढून ऊन द्यावं. एकेक उचलत गेले आणि एकेक वर्ष उलटं येत गेलं. लॉकडाऊनचं पान, त्यावर तुझ्या आईनं पेन्सिलीनं गॅसचा नंबर लिहिलेला. तिचं अक्षर किती गोल होतं गं. बराच वेळ तोच कागद घेऊन बसले. त्याखाली तुझ्या दहावीच्या वर्षीचा, हळदीच्या डब्याचं पिवळं कडं उमटलेला. आणि अगदी तळाशी, सन सतराचे दोन.

एक मुठाकाठ, एक रोजची साद. तेव्हा आजोबा होते आणि दोन्ही घ्यायचे. म्हणायचे, "मुठाकाठ शिडीवाल्यांचा, साद घागरवाल्यांची. दोन्ही वाचायचे, म्हणजे मध्ये काय झालं ते कळतं."

दोन्हींत आपला चौथरा! फोटोही तोच, कोनशिलेला नारळ फोडताना उत्तरेश्वरदादा, डोक्यावर दाट केस. तेव्हा ते घागरीत होते. रोजची साद म्हणते, "वारज्यात ज्ञानाची पहाट". आणि तुझा मुठाकाठ काय म्हणतो, माहीत आहे? "वाचनालय गिळले! चौथऱ्यावरच काम संपवण्याचा घाट".

मग धम्मदीपला पाठवून परवाचा सादचा अंक आणला. आता तो म्हणतो, "वाचनालय गिळणाऱ्याला शिडीचा आधार". आणि मुठाकाठ म्हणतो, स्वप्न साकार.

चारही कागद मी फरशीवर मांडले. दोघांनी एकमेकांचे मथळे बदलून घेतले, पोरी आपसांत फ्रॉक बदलतात तसे. चौथरा आहे तिथंच आहे. त्याला काय ठाऊक आपण कधी पहाट होतो आणि कधी गिळले जातो.

मला काय पाहिजे ते सांगते. माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापलं, ते खोट्यावर राहता कामा नये. मी मेले आणि कुणी तो कागद डब्याखाली घातला, तर पुढच्याला वाटेल, सुंदराबाई खरंच वाचनालयात बसत होती. तू शिकलेली आहेस. हे कसं पुसतात ते सांग.

तुझी आजी


सदाशिव पेठ,
३ ऑक्टोबर

आजी,

जयभीम. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आईच्या अक्षरापाशी तीनदा थांबले.

पुसून बघितलं. संपादकांना म्हणाले, चूक झाली असा खुलासा छापा. ते म्हणाले, "वाचनालय नाही असं छापलं तर वाचक गोंधळतील." मग मी एक वेडेपणा केला. रोजची सादमधल्या ओळखीच्या माणसाला तुझ्या कागदांबद्दल सांगितलं. तो उडालाच. म्हणाला, आजींचं पत्र पहिल्या पानावर घेतो, मोठ्या फोटोसकट. पण मुठाकाठचे दोनच कागद. त्यांचे स्वतःचे सन सतराचे "ज्ञानाची पहाट" वगळून. "जागा कमी आहे," म्हणाला. पहिल्या पानावर!

तुला चालेल का? तुझ्या नावावरचं खोटं पुसलं जाईल. तू म्हणशील तसं करू.

माझी बदली झाली. खुलासा मागितल्याचं बक्षीस. आता मी "आज शहरात" हे सदर करते: कुठं व्याख्यान, कुठं रक्तदान, कुठं भजन. त्यात कुणाचं नाव नसतं. तात्यारावांना सांगितलं तर म्हणाले, "उत्तम झालं. तुमच्या पेपरातलं आम्ही तेवढंच खरं धरतो."

पूर्वा


वारजे,
९ ऑक्टोबर २०२५

पूर्वाबाळ,

नाही चालणार. अर्धी भाकरी मी पुष्कळ वेळा खाल्लीय, तिनं पोट अर्धं भरतं. अर्ध्या खऱ्यानं तेवढंही होत नाही. छापायचे तर चारही, नाहीतर त्यांचं पहिलं पान त्यांना लखलाभ.

रात्रभर विचार केला. मग कणकेची खळ शिजवली. वास आला आणि मला एकदम कालव्याची झोपडी दिसली, आजोबा बोटांनी खळ फासतायत आणि मी कंदील धरलाय. माझं मलाच कळलं, काय करायचं ते.

धम्मदीपकडून चारही कागदांच्या मोठ्या झेरॉक्स काढून आणवल्या. अस्सल कागद घरी, ते मी कुणाच्या हाती देणार नाही. चौथऱ्याची ती एकच भिंत आहे ना, तिच्यावर वरच्या ओळीत सन सतराचे दोन, खालच्या ओळीत आत्ताचे दोन लावले. शेजारी माझा फोटो. त्याखाली मी वर्गाच्या खडूनं माझ्या हातानं लिहिलं, "ही मी. मागचं कपाट कापडाचं आहे." मुक्ताई बघत उभी होती. म्हणाली, "कापडाचंला अनुस्वार दे." मग म्हणाली, "सरक, ते पान वाकडं लागलंय." आणि खळीचं भांडं तिनं घेतलं. पापड माफ झाले.

आता वर्ग तिथंच भरतो, रोज चार वाजता. एकीनं वरचा वाचायचा, दुसरीनं त्याखालचा. हसून हसून पोट दुखतं. रस्त्यानं जाणारे थांबतात. एक पोळीवाली, दोन रिक्षावाले, परवा हिंजवडीच्या कंपनीची बस चुकलेला एक मुलगा. त्यानं सगळं वाचलं आणि पुढची बसही चुकवली.

बातमी पोहोचलीच. काल उत्तरेश्वरदादा आले, बरोबर चौघं. एकानं भिंतीला हात घातला. मुक्ताई म्हणाली, "फाड बाबा. पिशवीत अजून वीस आहेत, आमचा हात बसलाय." दादांनी त्याला मागं ओढलं. मी खुर्ची दिली, तीच फोटोची. म्हटलं, "दादा, तुम्हाला चष्मा लागत नाही. आमच्या बायकांना एकदा नीट वाचून दाखवा, जोडाक्षरं अडतात."

लोक जमले होते, नाही कसं म्हणतील? उभे राहिले. आधी फोटोकडं बघून म्हणाले, "तेव्हा केस होते." मग वाचायला लागले. "पहाट" चांगली वाचली, आवाज चढवून. "गिळले" वाचताना खोकला आला. चौथा कागद वाचलाच नाही. म्हणाले, "आजी, हे जुनं झालं आता."

मी म्हटलं, "कागद जुना झाला. चौथरा तेवढाच आहे."

जाताना हळूच विचारलं, "खरं सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूच्या? घागरीच्या ना?"

म्हटलं, "मी ह्या बाजूला बसते. त्या बाजूला ऊन लागतं."

आता तुझं काम. भिंतीवर पाचव्या कागदाची जागा ठेवलीय. तू जी खरी लिहिली होतीस ना, छत नाही आणि दाखला आहे म्हणणारी, ती मला हातानं लिहून पाठव. मोठ्या अक्षरात, वर्गाला वाचता येईल अशी. आणि खाली तुझं नाव, जाड. त्या पहिल्या नावाचं तू काय करायचं ते कर, पण मला हे दुसरं पाहिजे. भीती वाटत असेल तर नको पाठवू. मी विचारणार नाही.

तुझी आजी


सदाशिव पेठ,
१५ ऑक्टोबर

आजी,

सोबत चार पानं. शाईच्या पेननं लिहिलीत, अक्षर आईसारखं गोल काढायचा प्रयत्न केलाय. दाखल्याचा नंबर आणि तारीखही लिहिलीय, कुणाला बघायचा असेल तर बघता येईल. खाली माझं नाव. भीती वाटली, हात दोनदा थांबला. तिसऱ्यांदा नाही थांबला.

आजच्या पेपरातलं एक कात्रणही ठेवलंय. बारीक अक्षर आहे, चष्मा लाव. संपादक हे सदर वाचत नाहीत. वाचक वाचतात.

"जाहीर वाचन : वारजे, वाचनालयाचा चौथरा (छत नाही, टोपी आणावी). विषय : एकाच बातमीची चार रूपे. वाचक : सुंदराबाई व सहकारी. रोज दुपारी ४. प्रवेश सर्वांना."

पूर्वा


वारजे,
२७ ऑक्टोबर २०२५

माझ्या पोरी,

काय करून ठेवलंस गं! पहिल्या दिवशी सहा आले, दुसऱ्या दिवशी बावीस. सगळे पांढऱ्या केसांचे, सगळ्यांच्या डोक्यावर टोपी आणि सगळे चारला पाच कमी असताना हजर. मला तुमच्या पेठेतल्या माणसांची सवय आहे. चाळीस वर्षांपूर्वी हीच माणसं वरून "थांबा हो, रद्दी आहे" म्हणायची. त्यातले एक काठी टेकत पुढं आले. "मी तात्याराव. आपल्या नातीचा घरमालक. अध्यक्षस्थान कोणाकडे आहे?" मुक्ताई म्हणाली, "खुर्ची एकच आहे, बसा तुम्हीच." ते बसले. दीड तास हलले नाहीत.

शेवटी मी तुझी चार पानं वाचली. स्वतः, एकटीनं. तीन ठिकाणी अडले. अडले की सगळे थांबायचे, कुणी पुढचा शब्द सांगितला नाही. तुझं नाव आलं तेव्हा मान आपोआप डावीकडं कलली, आजोबांच्या उलट्या पानासारखी. वाचून झाल्यावर तात्याराव म्हणाले, "बातमी वाईट आहे. लेखन निर्दोष आहे." हे कौतुक असतं म्हणे तुमच्याकडं. आणि त्यांनी तिथंच त्या दाखल्याची नक्कल मागणारा अर्ज लिहिला. एकवीस जणांनी सह्या केल्या, बाविसावी मी. अंगठा नाही, सही.

गेल्या सोमवारी दिवाळी, म्हणून वर्ग दोन दिवस बंद होता. बुधवारी जाते तर चौथऱ्यावर चार पत्रे! चार बांबू, वर चार पत्रे, गंजके पण भोक नसलेले. भंगारवाला वैजनाथ. म्हणाला, "मावशी, लोकांनी उन्हात उभं राहून वाचायचं, बरं दिसत नाही. सवडीनं परत करा."

आता ऐक गंमत. शुक्रवारी मुठाकाठ म्हणतो, "उत्तरेश्वर यांच्या प्रयत्नांतून वाचनालयाला छप्पर". शनिवारी रोजची साद म्हणते, "घागरीच्या आंदोलनाला यश, वाचनालयाला अखेर छप्पर". वैजनाथ दोन्ही वाचून इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. दोन्ही भिंतीवर लावलेत. खळ संपत आलीय, आता तात्यारावांनी गव्हाच्या पिठाची पिशवी पाठवली.

तुझ्या साहेबांनी एव्हाना ते सदर वाचलं असेल. काय बोलले ते तू लिहिलं नाहीस, आणि परवाच्या तुझ्या दोन ओळींच्या पत्रातलं अक्षर जरा दाबून आलंय, म्हणजे काहीतरी बोलले आहेत. मंगळवारी ये. सुट्टी असो, नाहीतर कायमची सुट्टी असो, पोळी करून ठेवते. धम्मदीपला हात लावू देणार नाही.

आणि तुझं ते कात्रण. वर्गातल्या म्हणाल्या, चौकटीत लावा, भिंतीवर टांगा. मी नाही म्हटलं. मांडणीवर नवा पेपर अंथरला, त्याच्यावर ते कात्रण ठेवलं, नीट, उलटं नाही. वर तुरीच्या डाळीचा मोठा डबा ठेवलाय, म्हणजे हलायचं नाही. पुढच्या वर्षी त्याच्यावर दुसरा कागद येईल, मग तिसरा. कधीतरी कुणीतरी डबे उतरवील, एकेक उचलत तळाशी जाईल आणि चष्मा लावून वाचील. छत नव्हतं. टोपी आणावी.

तुझी आजी,
सुंदराबाई